चेक, दुकानदार आणि विश्वास



गेल्या जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वीची किरकोळ डागडुजी चालू असता आम्ही मुरुमच्या बाजारपेठेतील एका लोखंडी सामानाच्या दुकानी गेलो होतो. दोन कुलपे, खिडक्यांच्या बिजागऱ्या, विजेची तार व फळ्याचा काळा रंग एवढे सामान घ्यावयाचे होते. आदल्या दिवशी भाव विचारून ठेवले होते. एकंदर रक्कम ४,८६० रुपये होत होती. तेवढ्या रकमेचा, मुख्याध्यापक व संस्थेचे सचिव अशा दोघांच्या सह्यांचा चेक आम्ही बरोबर नेला होता. शाळेची खरेदी अशाच रीतीने करण्याचा आमचा जुना परिपाठ आहे.

दुकानाचा मालक आमचाच एक जुना विद्यार्थी. त्याने सामान बांधून दिले, आदराने खुर्ची दिली, चहाही मागविला. परंतु चेक पाहताच त्याने संकोचाने गल्ल्यामागील एका पाटीकडे बोट दाखविले. पाटीवर लिहिले होते, ‘येथे चेक स्वीकारले जाणार नाहीत.’

तो म्हणाला, “सर, गैरसमज करून घेऊ नका. चेक शाळेचा आहे, तो वटणारच. पण आता आम्ही कुणाचाच चेक घेत नाही. बँकेत जायचं, स्लिप भरायची, पैसे जमा झाले का ते बघत राहायचं. तेवढा वेळ दुकानावर कोण बसणार? तुम्ही फोनवरून टाका की.”

शाळेचे खाते दोन सह्यांचे; ते आमच्या फोनवर कोठून असणार? अखेर आम्ही स्वतःच्या खात्यातून पैसे दिले आणि सामान घेऊन आलो. पुढे शाळेने ती रक्कम आम्हांस परत केली, तीही चेकनेच! या गोष्टीचे आम्हांस प्रथम हसू आले व मागाहून विचार पडला. ज्या कागदाला आमच्या वडीलधाऱ्यांनी प्रतिष्ठेचे चिन्ह मानले, तो कागद दुकानाच्या दारातून परत का फिरावा? दुकानदाराचा ग्राहकावरील विश्वास उडाला म्हणून, की त्या विश्वासाचे कामच उरले नाही म्हणून? या प्रश्नाचा उलगडा करण्याचा यत्न या लेखात आम्ही करीत आहो.

चेक म्हणजे काय?

पुष्कळ विद्यार्थ्यांनी चेक केवळ दुरून पाहिला असेल. म्हणून आरंभी त्याची ओळख करून घेऊ. चेक म्हणजे पैसे नव्हेत. चेक म्हणजे आपल्या बँकेस दिलेली लेखी आज्ञा होय. ‘माझ्या खात्यातून अमुक गृहस्थास अमुक रक्कम द्यावी’ एवढाच तिचा आशय. या व्यवहारात तीन पक्ष असतात: आज्ञा लिहिणारा खातेदार, ती पाळणारी बँक आणि ज्यास पैसे मिळावयाचे तो. आपल्या देशात या व्यवहारास १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा आधार आहे. हा कायदा त्यानंतर अनेक वेळा सुधारला गेला, परंतु आजही तोच चालू आहे.

चेकवर रक्कम अक्षरांत व आकड्यांत अशी दोनदा लिहावी लागते. दोहोंत फरक पडल्यास अक्षरांतील रक्कम खरी धरावी असे कायदा सांगतो. तथापि व्यवहारात बँक असा चेक बहुधा परतच पाठविते. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा ओढल्या म्हणजे तो ‘क्रॉस’ झाला. अशा चेकचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, ते बँकेच्या खात्यातच जमा होतात. त्यामुळे चेक वाटेत कोणाच्या हाती लागला तरी पैसे कोणाच्या खात्यात गेले याचा माग राहतो. चेकवर तारीख असते, व १ एप्रिल २०१२ पासून त्या तारखेनंतर तीनच महिने तो चालतो. त्यापूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. चेकच्या तळाशी चौकोनी वळणाचे काही आकडे छापलेले असतात. त्यांपैकी पहिले सहा आकडे त्या चेकचा क्रमांक दाखवितात, आणि पुढच्या नऊ आकड्यांवरून गाव, बँक व शाखा यांचा पत्ता यंत्रास वाचता येतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेची नोट हे कायदेशीर चलन आहे; चेक तसे चलन नव्हे. चेक घ्यावा की न घ्यावा हे घेणाऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून आमच्या जुन्या विद्यार्थ्याने पाटी लावली यात त्याने कोणताही नियम मोडला नाही. खरे पाहता आपल्या भागातील किराणा वा भाजीच्या दुकानी चेक कधी फारसा चाललाच नाही. कापड, खते, बी-बियाणे, लोखंड, सिमेंट अशा मोठ्या खरेदीत व अडतीच्या व्यवहारातच त्याचा राबता असे. आता त्या दुकानांतूनही तो मागे सरत आहे.

चेकच्या आधीची हुंडी

चेक ही वस्तू विलायतेची. लंडन शहरी एका पेढीवर काढलेला, १६५९ सालाची तारीख असलेला हस्तलिखित चेक आजही जपून ठेवलेला आहे. याच १६५९ साली आपल्याकडे प्रतापगडचा प्रसंग घडला, हे सांगितले म्हणजे विद्यार्थ्यांस काळाचा अंदाज येईल. परंतु याचा अर्थ असा नव्हे की, कागदावर पैसे पाठविण्याची विद्या आपल्या लोकांस ठाऊक नव्हती. आपल्या सावकारी पेढ्यांवर हुंडी चालत असे. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यास लिहिलेली ती चिठ्ठी होय. हुंडी दाखविताच पैसे मिळत, ती दर्शनी. ठरलेले दिवस भरल्यावर मिळत, ती मुदती. बाजारात पत असलेल्या इसमासच जिचे पैसे द्यावयाचे, ती शहाजोग हुंडी. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत देत, तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपैठ देत. पैसे चुकते झालेल्या हुंडीस खोका असे नाव होते. १८८१ चा इंग्रजी कायदा झाला तेव्हाही देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांच्या बाबतीत जागोजागची वहिवाट त्याने कायम ठेविली, इतका तिचा मान होता.

आज आपण ‘चेक वटला’, ‘चेक वटला नाही’ असे म्हणतो. हा ‘वटणे’ शब्द चेकबरोबर विलायतेहून आलेला नाही. तो हुंडीच्या व्यवहारातला आहे. हुंडी गेली, तिचा शब्द मात्र चेकने उचलला.

आपल्या मुरुमच्या बाबतीत या गोष्टीस आणखी एक रंग आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सोलापूर इंग्रजी अमलात. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार रुपया. सर्वसाधारण हिशेब असा की, हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा रुपये. म्हणजेच कलदार शंभरास हाली ११६ रुपये, १० आणे, ८ पै. तूर वा कापूस घेऊन सोलापूरच्या पेठेत जाणाऱ्या माणसास प्रत्येक वेळी या बट्ट्याचा हिशेब करावा लागे. अशा सरहद्दीच्या प्रदेशात रोकड नेण्यापेक्षा ओळखीच्या पेढीचा कागद नेणे किती सोयीचे, हे सहज समजेल. पुढे हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्याने स्थापन होऊन १९४२ साली कामास लागली. तीच मागाहून स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांचे पहिले पासबुक व पहिले चेकबुक त्याच बँकेचे होते. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली व त्या नावाची जुनी चेकबुके लोकांस बदलून घ्यावी लागली.

तेव्हा लक्षात घ्यावे ते हे की, चेकने हुंडीची जागा घेतली. १८८० साली सुरू झालेली पोस्टाची मनिऑर्डर आणि पाठोपाठ गावोगावी आलेल्या बँका यांपुढे सावकाराची चिठ्ठी मागे पडली. त्या वेळीही एखाद्या वृद्ध पेढीवाल्याने ‘आता पतीचे दिवस संपले’ असा सुस्कारा टाकला असेल. परंतु पत संपली नाही. तिने जागा तेवढी बदलली. आज जे घडत आहे त्याकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे.

दुकानदार चेक का नाकारतो?

पहिले कारण वेळ. एके काळी चेकचा कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत प्रत्यक्ष पाठवावा लागे, आणि परगावचा चेक वटण्यास आठवडा-दोन आठवडे सहज जात. ही अडचण ओळखून रिझर्व्ह बँकेने कागदाऐवजी त्याचे छायाचित्र पाठविण्याची पद्धत २००८ साली दिल्लीस सुरू केली, २०११ साली चेन्नईस व २०१३ साली मुंबईस आणली आणि २०२१ मध्ये देशातील सर्व शाखांस लागू केली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर सकाळी दहा ते चार या वेळात भरलेल्या चेकचा निर्णय त्याच दिवशी सायंकाळी सातपर्यंत देण्याचे बंधन बँकांवर घातले गेले. म्हणजे चेक पूर्वीसारखा मंद राहिलेला नाही. तथापि दुकानदारास बँकेपर्यंत जावे लागते ते लागतेच.

दुसरे कारण जोखीम. चेक घेतला त्या क्षणी माल दुकानाबाहेर जातो आणि पैसे मागाहून येतात. खात्यात शिल्लक नसली तर चेक परत येतो, माल मात्र परत येत नाही. अशा फसवणुकीस आळा बसावा म्हणून १ एप्रिल १९८९ पासून वरील कायद्यात १३८ वे कलम अमलात आले. चेक न वटल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस पोहोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न मिळाल्यास फिर्याद करता येते. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा कडक आहे. परंतु २००८ साली विधि आयोगाने आपल्या २१३ व्या अहवालात न वटलेल्या चेकांचे ३८ लाखांवर खटले न्यायालयांत पडून असल्याचे नमूद केले. पाच हजारांच्या मालासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोणता दुकानदार चढणार?

तिसरे व सर्वांत मोठे कारण म्हणजे हाताशी आलेला सोपा पर्याय. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईस, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय या पद्धतीचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, आणि रोकडीच्या टंचाईने पुष्कळ लोक फोनकडे वळले. या पद्धतीत ग्राहक दुकानातील ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरतो, पडद्यावर दुकानाचे नाव उमटते, ग्राहक रक्कम व आपला गुप्त पिन घालतो. ग्राहकाच्या बँकेतून रक्कम वजा होते, दुकानदाराच्या बँकेस तसा संदेश जातो, आणि क्षणार्धात गल्ल्यावरची लहानशी डबी ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने बोलते. १ जानेवारी २०२० पासून असे पैसे घेतल्याबद्दल दुकानदारास बँकेचा आकारही पडत नाही. २०२५ च्या एकट्या ऑगस्ट महिन्यात देशभरात असे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. चहाच्या टपरीपासून सोन्याच्या पेढीपर्यंत ती डबी बोलू लागली, तेथे चेकची वाट कोण पाहील?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. चेकच्या व्यवहारात दुकानदारास ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे. फोनच्या व्यवहारात खात्यात शिल्लक नसली तर पैसे जातच नाहीत व मालही जाग्यावर राहतो. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने आमच्यावर अविश्वास दाखविला नाही. विश्वास ठेवण्याची त्यास गरजच उरली नव्हती.

इतर देशांचा अनुभव

हे केवळ आपल्याकडेच घडत आहे असे नाही. इंग्लंडात शेल कंपनीच्या पेट्रोल पंपांनी २००५ साली चेक घेणे बंद केले, मागोमाग मोठमोठ्या दुकानांनीही तोच मार्ग धरला. दुकानदारास चेकच्या रकमेची हमी देणारे बँकांचे कार्ड तेथे असे. तेही ३० जून २०११ रोजी बंद झाले. डेन्मार्कच्या बँकांनी २०१७ च्या आरंभापासून चेकचा व्यवहारच थांबविला. न्यूझीलंडच्या प्रमुख बँकांनी २०२० व २०२१ या दोन वर्षांत तेच केले. अमेरिकेत चेकचा प्रघात अद्याप बराच आहे; तरी टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने १५ जुलै २०२४ पासून वैयक्तिक चेक घेणे बंद केले.

परंतु इंग्लंडच्या हकीकतीतील पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. तेथील पेमेंट्स कौन्सिलने २००९ च्या डिसेंबरात असे ठरविले होते की, २०१८ पर्यंत चेकची पद्धत सर्वस्वी बंद करावी. यावर वृद्ध लोकांच्या व धर्मादाय संस्थांच्या बाजूने मोठी ओरड झाली. ज्यांस यंत्रे वापरता येत नाहीत, ज्यांच्या संस्थांचे कामच दोन सह्यांवर चालते, त्यांनी काय करावे, असा प्रश्न संसदेपर्यंत गेला. अखेर २०११ च्या जुलैत तो बेत रद्द करावा लागला. नवी सोय करताना जुनी सोय कोणाच्या हातातून काढून घेतली जाते हे आधी पाहावे, हा धडा यातून घेण्याजोगा आहे.

चेकबरोबर काय जाते?

चेकची खोटी स्तुती आम्हांस करावयाची नाही. ज्यास लिहिता-वाचता येत नाही अशा खातेदारास बँका सहसा चेकबुक देत नसत. अंगठा उठविणाऱ्या शेतमजुरास चेकने कधीच आपले म्हटले नाही. उलट त्याच मजुराची मुलगी आज भाजीच्या टोपलीवर ठिपक्यांचा चौकोन लावून पैसे घेते. हा लाभ लहान नव्हे.

तरीपण चेकचे तीन गुण होते, आणि ते आठवून ठेवण्यासारखे आहेत. एक, दोन सह्यांची शिस्त. शाळा, सहकारी सोसायटी, महिलांचा बचत गट, मंडळीचा धर्मनिधी अशा सार्वजनिक पैशांवर दोन माणसांच्या सह्या लागत. एकट्याच्या मनात आले म्हणून पैसा हलत नसे. म्हणूनच दुकानातून गेला तरी या संस्थांतून चेक आजही टिकून आहे. दोन, थांबून विचार करण्याची सवड. चेक लिहिताना तारीख, नाव, अक्षरांतील रक्कम, सही असे करता करता ‘हा खर्च खरोखर करावयाचा आहे काय?’ असा प्रश्न मनात उभा राहण्यास वेळ मिळे. फोनवर चार आकडे दाबण्यास तेवढाही वेळ लागत नाही. तीन, मागे राहणारा तुकडा. चेक फाडून दिल्यावर चेकबुकात उरलेल्या तुकड्यावर कोणास, कधी व कशासाठी पैसे दिले हे लिहून ठेवण्याची रीत होती. घरातील कोणीही ते उघडून पाहू शके.

आजीचा फोन

याच वर्षी सहलीची वर्गणी जमा करीत असता घडलेली एक गोष्ट सांगतो. आठवीतील एका विद्यार्थ्याबरोबर त्याची आजी आली होती. आजीचे वय सत्तरीपलीकडचे. तिच्या खात्यात श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा होतात. तिने कमरेच्या पिशवीतून फोन काढून नातवाच्या हाती दिला व आम्हांस म्हणाली, “ह्यालाच येतंय समदं, गुरुजी. ते आकडं बी ह्यालाच ठावं. मला काय कळतंय त्यातलं?” मुलाने पैसे भरले. त्याची मान मात्र खाली होती.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर तो मुलगा एकटाच आमच्याकडे आला आणि रडू लागला. फोनवरील खेळांसाठी त्याने आजीच्या खात्यातून कधी दहा, कधी तीस, कधी पन्नास असे पैसे घेतले होते. बेरीज तीनशे चाळीस रुपयांपर्यंत गेली होती. आजीस त्याचा पत्ताही नव्हता. कोणी पकडले नव्हते, कोणी विचारले नव्हते. म्हातारीने मोठ्या विश्वासाने आपले पैसे भरलेले आकडे सांगितले, हीच गोष्ट त्याच्या मनास टोचत होती.

आम्ही त्यास शिक्षा केली नाही. एवढेच म्हटले, “मला सांगितलेस हे बरे केलेस, पण पैसे माझे नव्हेत. ज्यांचे होते त्यांना आज सांग.” तो गेला. दुसऱ्या दिवशी आजी स्वतः आल्या. आम्हांस वाटले, त्या रागावल्या असतील. त्या म्हणाल्या, “पोरानं आपणहून सांगितलं गुरुजी, लई झालं. पैसं काय, येत्याल जात्याल.”

मग त्या मुलाने एक वही घातली. फोनवरून जो पैसा जाईल वा येईल, तो तारीख घालून वहीत लिहावयाचा आणि दररोज सायंकाळी आजीस वाचून दाखवावयाचा, असा नेम त्याने केला. सुटीच्या दिवशी मामाच्या दुकानी काम करून त्याने तीनशे चाळीस रुपये फेडलेही. पण आमच्या मते पैशांपेक्षा ती वही अधिक मोलाची. चेकबुकात मागे राहणारा जो तुकडा हरवला होता, तो त्याने आपल्या घरात पुन्हा आणला. त्याच्या संमतीनेच, नाव न सांगता, ही हकीकत आम्ही येथे दिली आहे.

यावरून आमच्या लेखाचे सार विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले असेल. दुकानाच्या गल्ल्यावर विश्वासाची गरज कमी झाली. परंतु विश्वास जगातून नाहीसा झाला नाही. तो गल्ल्यावरून उठून आपल्या घरात येऊन बसला आहे. पूर्वी दुकानदार ग्राहकाच्या सहीवर विश्वास ठेवी. आज आजी नातवाच्या बोटांवर ठेवते. पूर्वी न वटलेला चेक बँकेतून परत येई व चारचौघांत लाज आणी. आज मुलाने केलेली चोरी कोणतीही बँक परत पाठवीत नाही, कारण आकडे बरोबर असतात! म्हणून या काळी तुमच्या प्रामाणिकपणास पूर्वीपेक्षा अधिक मोल आहे.

काही व्यावहारिक सूचना

पालकांस व विद्यार्थ्यांस उपयोगी अशा चार गोष्टी येथे देतो.

१. पिन हा पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी पिन घाला’ असे कोणी म्हणाल्यास तो लबाड समजावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

२. पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर उमटलेले नाव व रक्कम मोठ्याने वाचावी. घरातील वडील माणूस शेजारी असता तर अवश्य वाचावी.

३. घरात एक वही ठेवून रोजचा जमाखर्च तीत लिहावा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठीही ८ मार्च २०२२ पासून बोलून वा आकडे दाबून पैसे देण्याची सोय निघाली आहे. वृद्धांस ती शिकवावी, म्हणजे त्यांस आपला पिन आपल्यापाशीच ठेवता येईल.

४. चेक लिहिण्याची विद्या अगदीच टाकून देऊ नये. पन्नास हजार वा अधिक रकमेच्या चेकचा तपशील आधी बँकेस कळविण्याची सोय २०२१ च्या आरंभापासून झाली आहे, तिचा उपयोग करावा. आणि कोऱ्या चेकवर सही करून तो कोणाच्याही हाती कधीही देऊ नये.

असो. आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात आम्ही आजही जातो. पाटी तेथे आहे, डबीही बोलते. शाळेच्या सामानाचे बिल मात्र आता तो शाळेत पाठवितो आणि संस्था दोन अधिकाऱ्यांच्या मंजुरीने बँकेमार्फत ते पैसे त्याच्या खात्यात पाठविते. पैसे पोहोचण्यास एक-दोन दिवस लागतात. तोवर माल आमच्याकडे असतो. परवा आम्ही त्यास सहज विचारले, “मग हे दोन दिवस तू कशाच्या भरवशावर थांबतोस?” तो हसून म्हणाला, “सर, शाळेवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?”

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. चेक व नोट यांतील भेद तीन वाक्यांत लिहा.

२. एका शेतकऱ्यास सोलापुरात तुरीचे कलदार ३०० रुपये मिळाले. सातास सहा या दराने त्याचे हाली रुपये किती झाले?

३. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी व पैठ म्हणजे काय, ते सांगा.

४. आपल्या घरातील आजोबा, आजी वा अन्य वडील माणसाजवळ बसा. त्यांनी आयुष्यात पैसे कोणकोणत्या रीतींनी दिले व घेतले, ते विचारून एक पानभर लिहा. आणि लिहिलेले त्यांस वाचून दाखवा.